कुकरची पाळी

त्या मार्चमध्ये सकाळी नऊलाच बांधावर अनवाणी उभं राहवत नव्हतं. काकांची हळद काढून झाली होती. ढीग पाचटाखाली झाकलेला होता आणि हळद शिजवायचा कुकर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे येणार होता. गावात कुकर एकच. तो ट्रॅक्टरमागे शेतोशेत फिरतो. पाळी सोडली की थेट शेवटचा नंबर. कच्ची हळद ढिगात आठवडाभर तग धरते, पण शिजवली की तिला दहा दिवस कोरडं ऊन लागतं.

मी रोज संध्याकाळी मोबाइलवर देशाचा हवामान अंदाज वाचायचे. इंग्रजीत असायचा, म्हणून घरात ते काम माझं. त्या दिवशी नकाशावर मराठवाडा केशरी होता. चौथ्या दिवशी वादळ, विजा, गारा.

ओट्यावर काका आणि कुकरवाले चहा पीत होते. मी दारातूनच सांगितलं.

"ते दिल्लीचं असंल," एकजण म्हणाला. "आपल्याकडं तर नुसती भट्टी पेटून राहिली."

"मॅडमला कुकरवर बसवा, वाफेतबी गारा दिसतील!"

सगळे हसले. काका हसले नाहीत. आत येऊन हळूच म्हणाले, "बाई, बराबर सांग. पाळी सोडून देऊ का? तू म्हण, मी सोडतो."

अंदाज आठ जिल्ह्यांचा होता, आमच्या शेताचा नव्हता. पण मला त्या वेळी जिल्हे आठवले नाहीत. गारा पडल्याच नाहीत तर ओट्यावरची माणसं काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

"नक्की नाही सांगता येत, काका," मी म्हणाले.

हळद शिजली. रानात पिवळीधमक पसरली. तीन दिवस ऊन इतकं कडक, की मीच नकाशावर शंका घेऊ लागले.

चौथ्या दिवशी दुपारी अंधारून आलं. आम्ही धावत ताडपत्र्या ओढल्या. वाऱ्याने दोन उचलून विहिरीपलीकडे नेल्या. मग गारा. काकू डोक्यावर घमेलं धरून हळद गोळा करत राहिली, शेवटी काकांनी तिला ओढत गोठ्यात आणलं.

पुढे तीन दिवस ढग हटले नाहीत. हळदीला आंबूस वास सुटला. काकांनी एक कांडी मोडून पाहिली, आत काळपट. त्यांनी ती खाली टाकली नाही, खिशात घातली.

लोक बघायला आले. प्रत्येकाला काका सांगत होते, "पोरीनं सांगितलं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

मी शेजारीच काकूबरोबर ओली हळद उलटत होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून हात चालवत राहिले. काकांनी पाळी धरली होती ती माझ्या शब्दावर, आणि तो शब्द मी ओट्यावरच्या हसण्याला भिऊन दिला होता, हे अजून त्यांनाही कळलेलं नाही.