सडत पडलेलं सरपण

"काऊन?" एवढंच ती विचारायची. कमरेवर दोन्ही हात, मान जरा तिरपी. उत्तर मिळेपर्यंत जागची हलायची नाही.

रोहिणखेडजवळच्या आमच्या खेड्यात ती सुईण होती. मी तिथल्या शाळेत मास्तर, तिच्या शेजारीच राहायचो. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे बाप्या माणसांनाही ती 'बे' म्हणायची. मला मात्र 'गुर्जी'.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. गावामागच्या सरकारी जंगलाचा एक तुकडा तोडला गेला. सागाचे ओंडके ठेकेदारानं नेले, फांद्यांचे पुरुषभर उंच ढीग मागं राहिले. लिलाव होईस्तोवर कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम होता. लिलाव काही होईना.

त्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला शेकायला कोरडं लाकूड मिळेना. हिनं ढिगातून मोळी बांधून आणली. जंगलाच्या नाकेदारानं वाटेत अडवून मोळी काढून घेतली, वर तिला संध्याकाळपर्यंत नाक्यावर बसवून ठेवलं. इकडे बाळंतीण कुडकुडत होती. शेवटी घरच्यांनी खाट फोडून जाळली.

"सडाले चालते, जाळाले नाई चालत. काऊन?" तिनं नाकेदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, कायदा आहे. मला आजही त्या कायद्याचा संताप येतो.

दुसऱ्या पावसाळ्यात फांद्यांची साल सुटली, वर अळंबी उगवली. मग वाळवी लागली. ढीग दरवर्षी बसके होत गेले आणि ही दर उन्हाळ्यात तालुक्याच्या कचेरीत जात राहिली. एकदा मी सोबत होतो.

"बाई, वरून हुकूम यायचा आहे," साहेब म्हणाले.

"वरून पाणी येऊन राह्यलं, साहेब. हुकूमच कुठं अडकला?"

अखेर सरपण न्यायचा हुकूम आला तेव्हा आम्ही दोघं ढिगापाशी गेलो. तिनं फांदी ओढली, तर मुठीत नुसता तपकिरी भुगा आला. मला वाटलं, आता शिव्या घालील. ती तिथंच खाली बसली.

"किती लेकरवाळ्या शेकल्या असत्या, गुर्जी," एवढंच हळू म्हणाली.

पुढं एका श्रावणात ती गेली. झडीत सगळ्या गावाचं सरपण भिजलेलं, चितेला कोरडं लाकूड मिळेना. दुपारी तोच नाकेदार बैलगाडी भरून कोरडा साग घेऊन आला.

"साहेबाले इचारलं नाई," तो मान खाली घालून म्हणाला.

मी पुढं होऊन लाकडं उतरवू लागलो.