माशावरचा सांबार

बाळांनो, हे मी तुम्हाला इंग्रजीत लिहू शकले असते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि तुम्हालाही वाचायला ते सोपं गेलं असतं. पण ज्या शब्दाबद्दल लिहायचं आहे, त्याची गंमत इंग्रजीत उरत नाही. म्हणून मराठीत लिहिते आहे. आईला वाचून दाखवायला सांगा. कुठे अडलं तर बाबांना विचारा, ही गंमत घडली तेव्हा दोघंही तिथे होते.

आताच का लिहिते, तेही सांगते. मागच्या रविवारी धाकट्याने फोनवर तक्रार केली. तिकडे परदेशात मराठीच्या वर्गात बाईंनी कोथिंबिरीचं चित्र दाखवलं आणि हा पठ्ठ्या म्हणाला, "सांबार." सगळी मुलं हसली. बाईंनी उत्तर चूक ठरवून मार्क कापला. "आजी, बाबा घरी सांबारच म्हणतात. मग चूक कसं?"

चूक नाही, राजा. आपल्याकडे, म्हणजे नागपुरात आणि सगळ्या विदर्भात, कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजीवाल्याकडे सांबाराची जुडी मागायची, वरणावर, पोह्यांवर सांबार चिरून टाकायचा. इडलीबरोबर येतो तो सांबार वेगळा, आणि आपला त्याच्याशी काही नातंगोतं नाही.

हे झालं थोडक्यात उत्तर. पण त्याच दिवशी तुम्ही सुट्टीतला फोटो पाठवलात. समुद्राच्या काठावर लाकडी टेबल, कागदात गुंडाळलेला तळलेला मासा, उन्हाने डोळे बारीक केलेले तुम्ही चौघं. तो फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. असं एक टेबल आपलंही होतं. त्या वेळी मोठी चार वर्षांची होती आणि धाकटा अजून रांगत होता, त्यामुळे तुम्हाला ते आठवणं शक्य नाही. म्हणून मलाच सांगायला हवं.

तुम्ही तेव्हा पुण्यात राहत होता. मे महिन्यात आजोबा आणि मी नागपूरहून रेल्वेने पुण्याला आलो आणि तिथून बाबांच्या गाडीतून सगळे कोकणात गेलो. आजोबांनी तोपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. त्यांचं घर नागपूरजवळच्या उमरेडचं, विणकरांचं. त्यांचे वडील मागावर बसायचे. आजोबा शिकून नोकरीला लागले आणि नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या घरात आमचा संसार सुरू झाला, पण मे महिन्यात कुठे बाहेरगावी जायचं, हॉटेलात राहायचं, जेवायचं, हे त्या घराला माहीतच नव्हतं. सुट्टी म्हणजे उमरेडची एस.टी.

आम्ही उतरलो त्या गावात हॉटेल म्हणावं असं काही नव्हतं. नारळीच्या बागेत एक घर होतं. त्या घराच्या पडवीत एक बाई जेवण वाढायच्या. किती माणसं येणार आणि कोणते मासे हवेत ते सकाळीच सांगून ठेवायचं, म्हणजे बाई त्या हिशेबाने रांधत. एकच लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना बाकं. झाडांच्या मधून समुद्र दिसायचा आणि त्याचा आवाज तर सतत.

पहिल्या दुपारी आम्ही बसलो. ताटात तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, तळलेला बांगडा, वाटीत सोलकढी. मी सवयीने उठले आणि भाकरीची टोपली उचलून सगळ्यांना वाढू लागले. बाईंनी टोपली माझ्या हातातून काढून घेतली.

"बसा हो तुम्ही. इथे वाढणारी मी आहे."

मी बसले. तेवढ्यात आजोबांनी कालवणाकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "बाई, यावर थोडा सांबार टाकता काय?"

बाई थबकल्या. "माशावर सांबार?"

"हो, थोडासाच. वरून."

त्या आत गेल्या. आतून त्यांच्या सासूबाईंचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला. "माशावर सांबार? कुठची माणसं गं ही?"

"नागपूरची."

"मग असेल."

बाई परत आल्या. "आजोबा, सांबार आमच्याकडे नाही होत. नाक्यावरच्या हॉटेलात मिळतो, इडलीबरोबर. पण तो सकाळचा. आता संपला असेल."

"इडलीचं कोण म्हणून राहिलं बाई? हिरवा सांबार. पानांचा."

"पानातच वाढते हो, पण आधी असायला तर हवा!"

तुमचे बाबा तेव्हा सोलकढी पीत होते. ती नाकातून बाहेर आली. तुमच्या आईने हसू लपवायला धाकट्याच्या झबल्यात तोंड खुपसलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तूच सांग वं यांना. इंग्रजीत शिकली तू, मराठी तरी सांग."

"कोथिंबीर मागतायत ते," मी म्हणाले.

"अगोबाई! कोथिंबीर होय! मग असं म्हणा ना." बाई आता मोकळ्या हसल्या. पण त्या दिवशी कोथिंबीर संपली होती. आतून सासूबाईंनी निरोप दिला, "त्यांना म्हणावं, कोथिंबिरीवाचून माशाचं काही अडत नाही."

आजोबांनी तो मासा तसाच खाल्ला आणि दोनदा मागून घेतला. मग मला कोपराने ढोसून माझं ताट दाखवलं. "पाय वं. तुले गरम भाकर भेटली."

मी ताटाकडे पाहिलं. खरंच, वाफ निघत होती. घरी मी सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. त्यात कोणाचा जुलूम नव्हता. पोळ्या करणारीला पोळ्या संपेपर्यंत बसताच येत नाही, एवढंच. माझ्या आईचं तसं होतं, माझ्या सासूबाईंचं तसं होतं. आमच्याकडे बाहेर जेवणं म्हणजे लग्नाची पंगत, आणि तिथेही बायका शेवटच्या पंगतीला. त्यामुळे सगळी माणसं माझ्यासमोर बसलेली, कोणीच हात धुवायला उठलेलं नाही, आणि मी त्यांच्यात बसून जेवते आहे, हे मला नवीन होतं. मोठी माझ्या ताटातली भाकरी तोडून खात होती. धाकटा आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्या चष्म्याशी झटत होता. मला उठावंसं वाटेना.

दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबलाच्या मधोमध एक आख्खं ताट ठेवलेलं. त्यात बारीक चिरलेल्या कोथिंबिरीचा ढीग. "घ्या तुमचा सांबार," बाई म्हणाल्या. "तालुक्याहून मागवलाय."

आजोबांनी भातावर टाकला, माशावर टाकला. शेवटी त्यांनी तो आमरसावरही टाकला, केवळ बाईंच्या सासूबाईंनी दारातून डोकावून पाहावं म्हणून. त्यांनी पाहिलं आणि कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून त्या घरात आजोबांचं नाव सांबारवाले आजोबा पडलं. मोठीला ते नीट म्हणता येत नव्हतं. ती त्यांना "सांबावाले" म्हणायची.

निघायच्या दिवशी गाडीत बसण्याआधी आजोबा परत पडवीत गेले. "बाई, पुढच्या उन्हाळ्यात येतो. सगळेच येतो. सांबार मात्र आमच्या घरचा आणीन."

"या ना. पण नागपूरहून इथपर्यंत सुकणार नाही?"

"सुकला तर सुकलेला आणीन. पण आणीन."

त्या वर्षी हिवाळ्यात तुमच्या बाबांना तिकडची नोकरी लागली आणि तुम्ही गेलात. ते योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण आजोबांनी एप्रिलमध्ये नागपूरच्या बेसा भागातल्या या घराच्या गच्चीत एका फुटक्या टबात माती भरली, धने चुरडून पेरले, वर ओलं पोतं टाकलं. नागपूरच्या उन्हात कोथिंबीर धरत नाही हे त्यांना माहीत होतं. उगवली, बोटभर झाली आणि पिवळी पडली. "पुढच्या वर्षी हिरवी जाळी लावतो," ते म्हणाले. पुढच्या वर्षी जाळी लावली. मग दर वर्षीच लावायचे. मी एकदा विचारलं, "कोणी येणार नाही तर काहून पेरता?" माझ्या तोंडून चुकून त्यांच्या बोलीतलं काहून निघालं म्हणून ते कितीतरी वेळ हसत राहिले. मग उठून टबाला पाणी घालायला गेले.

तुम्ही यायचात, पण डिसेंबरात. तेव्हा तुमच्या शाळेला सुट्टी असते आणि नागपुरात हवा छान असते. दहा-बारा दिवसांत अर्धे दिवस नातेवाइकांत जायचे. समुद्राचं नाव निघायचं आणि मागे पडायचं. आजोबा गेले तेव्हा तुम्ही आलात, तोही हिवाळाच होता.

आता मी एकटीच जेवते. पोळी तव्यावरून थेट ताटात येते, गरमच असते. तरी तिला ती चव नाही.

म्हणून रविवारी फोन ठेवण्याआधी मी तुमच्या बाबांना सरळ विचारलं. एक उन्हाळा या. नागपूरच्या उन्हात नका राहू, मीच पुण्याला येते, तिथून कोकणात जाऊ. त्या बाई आहेत का, पडवी तशीच आहे का, मला माहीत नाही. नसली तर दुसरी कुठलीही चालेल, फक्त टेबल एक असावं. बाबा म्हणाले, "आई, यंदा नाही जमणार. पुढच्या वर्षी बघू."

बरं, म्हटलं मी. पुढच्या वर्षी.

धाकट्या, तुझ्या मराठीच्या बाईंना हे दाखवायचं असेल तर दाखव. त्यांनी मार्क बदलले नाहीत तरी हरकत नाही. या एप्रिलमध्ये मीही टबात धने पेरले. जाळी आजोबांचीच आहे, एका कोपऱ्यात फाटली होती ती शिवून घेतली. कोंब वर आले आहेत. ते टिकतील असं नाही. पण मी इकडे त्याला सांबार म्हणते, तुमचे बाबा तिकडे सांबार म्हणतात आणि तू भर वर्गात सांबार म्हणालास, तेवढं शिल्लक आहे.