वरच्या आळीची वीस मिनिटं

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत, अगदी साहेबसुद्धा. पाणीपुरवठ्याचं सॉफ्टवेअर ती अठरा वर्षं सांभाळत होती. सांभाळत होती म्हणजे काय, ठिगळं लावत होती. कुठल्या भागाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, तक्रारी, नळजोडण्या, सगळा एकच गुंता. इथली ओळ हलवावी तर तिथलं काहीतरी बंद पडायचं. मग वरून फर्मान आलं: सगळं सुटं करा, प्रत्येक कामाचा वेगळा कप्पा. जुनी अट, म्हणजे प्रोग्राममधला एखादा नियम, नव्या कप्प्यात न्यायची तर तिच्यावर अधिकाऱ्याची सही हवी. सही नाही, तर अट नाही.

तीन महिने ती मान मोडून राबली. चारशे अकरा अटींना सह्या मिळाल्या. एक उरली.

ती ताईच्या आधीच्या प्रोग्रामरने, मास्तरांनी लिहिलेली. मास्तर जाऊन सहा वर्षं झालेली. नळजोडण्यांच्या यादीत, जिथे तिचं काहीएक काम नव्हतं, तिथे ती अंग चोरून बसली होती: सगळ्यांना वीस मिनिटं पाणी, वरच्या आळीला चाळीस. खाली मास्तरांची टीप, 'इथे चढ आहे. पाणी पोचायलाच वीस मिनिटं लागतात. काढू नका.'

वरच्या आळीत ताईची आई राहायची, एकटी.

साहेबांनी नकाशा उघडला. "कुठे आहे चढ? इथे तर सपाट दिसतंय."

"साहेब, मी तिथेच वाढले. सायकल हातात धरून चढायचो आम्ही."

"ताई, तुमची सायकल मी कुठल्या अर्जाला जोडू? मोजणी करून आणा, लगेच सही करतो."

मोजणीवाले म्हणाले, दोन महिन्यांनी या. नवं सॉफ्टवेअर तर सोमवारीच सुरू व्हायचं होतं. तिच्या मनात आलं, मास्तरांसारखी आपणही गुपचूप घालावी कुठेतरी. पण सही नसलेली ओळ सॉफ्टवेअर आता आपोआप नाकारून परत पाठवायचं. हा पहारा कुणी बसवला? तिनेच, पहिल्याच महिन्यात, मोठ्या हौसेनं. तिने तीनदा ओळ घातली, तिन्ही वेळा परत आली. शुक्रवारी तिने ती गाळली आणि आईला काहीच सांगितलं नाही. सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

सोमवारी सकाळी आईचा फोन आला. "अगं, नळ नुसता फुसफुसला आणि गप्प झाला. आळीतल्या सगळ्या बायका दारात उभ्या आहेत. मी म्हटलं, घाबरू नका, माझी लेक तिथेच असते. बघतेस ना जरा?"

समोर पडद्यावर चारशे अकरा हिरव्या खुणा होत्या. एकही चूक नव्हती. ताईला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"बघते," ती म्हणाली.

"मग मी बादली नळाखालीच ठेवते," आई म्हणाली, आणि तिने निर्धास्तपणे फोन ठेवला.