खोटी परण

बसण्याआधी ते वाकून टेबलाखाली पाहायचे, मग सरळ होऊन विचारायचे, "टेप चालू नाही ना?"

माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही हेच. मी टेपरेकॉर्डर उघडून आत कॅसेट नाही हे दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी पखवाजाच्या खोळीची गाठ सोडली. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. सगळं जग आपल्या खिशात हात घालायला टपलंय, असं वाटणारा.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. फरीदाबादच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले. तरुणपणी गावाकडे एका गुरूंच्या घरी राहून अकरा वर्षं पखवाज शिकले होते. मराठी मंडळाच्या गणपतीत भजनाला साथ करायचे, पण गुरूंनी दिलेली एक परण, म्हणजे बोलांची घट्ट बांधलेली लांबलचक रचना, तिथे कधी वाजवायचे नाहीत. "मांडवात कोण येऊन बसलंय, काय सांगावं?"

ते नव्या कंपन्यांचे दिवस होते. गुडगावात शेतं विकली जात होती आणि काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. आमच्या कंपनीचीही झाली. भागीदार परदेशी, म्हणून उद्घाटनाला फ्यूजन संगीत ठेवायचं ठरलं. 'संगीत : दोन संस्कृतींमधला पूल' असा भलामोठा इंग्रजी फलक मीच करून घेतला होता. ड्रम वाजवायला मार्टिन येणार होता, हॉलंडचा, दोन वर्षं दिल्लीत राहून हिंदी शिकलेला. त्याला पखवाजवाला हवा होता आणि मला एकच माहीत होता.

"पूल म्हणे," काका म्हणाले. "पुलावरून काय न्यायचंय, ते विचार आधी."

तरी आले. काकू आतून म्हणाल्या होत्या, "बंद खोलीत वाजवून कंटाळला नाहीत का अजून?"

गेटवर गार्डने त्यांचा स्टीलचा डबा उघडायला लावला. आत भिजवलेल्या कणकेचा गोळा.

"ये क्या है?"

"आटा है. बाजे को लगता है."

गार्डने आधी गोळ्याकडे, मग काकांकडे पाहिलं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात हे त्याला मुळीच पटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काकांपेक्षा संशयी माणूस त्यांना भेटला होता, आणि त्याचा त्यांना फार राग आला.

तालमीच्या पहिल्या दिवशी ते हॉलमध्ये एकटेच लवकर जाऊन बसले. मी जिना चढत होते तर आतून तीच परण ऐकू आली. दारात मार्टिन उभा होता, बूट हातात धरून. काकांनी मान वर करून त्याला पाहिलं आणि हात तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी मार्टिन म्हणाला, "गुरुजी, वो कल वाली सिखाइए."

काकांनी छताकडे पाहिलं. "सिखाता हूँ."

इतक्या सहज? माझ्या मनात पाल चुकचुकली. पण पाच दिवस त्यांनी नीट शिकवलं. मार्टिन टाळी देत बोल म्हणायचा, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. कार्यक्रमात दोघांनी ती परण समोरासमोर वाजवली. टाळ्या थांबेनात. साहेबलोक उभे राहिले.

गाडीतून त्यांना फरीदाबादला सोडताना मी म्हटलं, "काका, शेवटी दिलीत की तुम्ही!"

ते खुदकन हसले. "खोटी दिली. मधला भाग अख्खा उलटा करून. बसू दे वाजवत."

वर्षभराने मार्टिनची सीडी आली. मीच ती काकांकडे नेली. त्यात ती परण होती, आणि खाली, तालमीत काकांनीच सांगितलेलं, त्यांच्या गुरूंचं नाव ठळक छापलेलं होतं. आपल्याला मिळालेला ठेवा म्हणून मार्टिनने ते आदराने घातलं होतं. काकांनी ती एकदाच ऐकली. नंतर कितीतरी वेळ त्या नावावर अंगठा फिरवत बसले.

"गुरुजींच्या नावावर खोटं गेलं," ते म्हणाले. "आणि ते मी पाठवलं."

आठवड्याने भर दुपारी आम्ही दोघं त्यांच्या घराजवळच्या फोन बूथमध्ये उभे होतो. मी नंबर लावून दिला. काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"मार्टिन, मैंने गलत सिखाया. जानबूझकर."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मालूम था, गुरुजी. पहले दिन दरवाज़े पर असली सुनी थी."

"फिर गलत क्यों बजाई?"

"आपने जो दी, वही बजाई. जो नहीं दी, वो कैसे बजाता?"

खरं सांगते, मला ते उत्तर जरा जास्तच गोड वाटलं. काकांनी मात्र डोळे मिटले आणि त्या काचेच्या खोक्यात उभ्याउभ्या बोल म्हणायला सुरुवात केली. धुमकिट, तकिट तका, तिटकत गदिगन. घाम कानामागून ओघळत होता. पलीकडून मार्टिन एकेक ओळ परत म्हणत होता. बूथवाल्याने आत डोकं घातलं. "अंकल जी, तबीयत तो ठीक है?" मी त्याला हातानेच थांबवलं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "छापेल आता तो."

"मग दिलीत कशाला?"

"खोटी फिरत राहण्यापेक्षा खरी चोरीला गेलेली बरी."

त्यानंतर ते दोन वर्षं होते. मार्टिनची पुढची सीडी आली तेव्हा मी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. ती परण त्यात नव्हती. काकांना सांगितलं, तर म्हणाले, "मोठ्या कंपनीला विकायची असेल." पण त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला.

ते गेल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात मार्टिन आला. मी त्याला फरीदाबादला घेऊन गेले. परण का छापली नाहीस, असं मी वाटेत विचारलंच. तो म्हणाला, "फ़ोन पर उन्होंने सिखाई थी. छापने को नहीं कहा था."

तेव्हाही मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. सवय काकांची होती, मला लागली होती.

काकूंनी पखवाज काढून दिला. मधल्या वर्षांत मार्टिन पखवाजही शिकला होता. त्याने तो लावून घेतला आणि विचारलं, "बजाऊँ?" त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरातून त्यांनी ती परण चाळीस वर्षं ऐकली होती, हे तोवर आमच्यापैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मार्टिन वाजवत गेला. मध्ये एका ठिकाणी काकूंनी हात वर केला.

"बेटा, यहाँ वो साँस लेते थे. तू रुकता नहीं."

मार्टिन थांबला. काकूंनी पुढे होऊन कूलरचं बटण बंद केलं, खिडकी लावली आणि जमिनीवर त्याच्यासमोर बसल्या.

"फिर से," त्या म्हणाल्या.