परीक्षकाचा पेनड्राइव्ह

घरी बसून इमारतींचे नकाशे काढणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली ‘परीक्षक’ म्हणायची. कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा असला की आधी त्याला विचारायचं, मग दुकानात जायचं. कुठल्या कंपनीचा केवढ्याला, कुठला जास्त पळतो, जुन्यातच रॅम वाढवली तर भागेल का, सगळं त्याला तोंडपाठ. त्याचं स्वतःचं मशीन मात्र असं, की बटण दाबून आंघोळीला जावं आणि परत यावं, तेव्हा कुठे ते डोळे किलकिले करायचं.

नवं घ्यायचं कधीपासून मनात होतं. पण पारखल्याशिवाय घेणार कसं? एका हॉस्पिटलचा अवजड नकाशा त्यानं जुन्या पेनड्राइव्हमध्ये ठेवला होता. दुकानात शिरायचं, पेनड्राइव्ह खोचायचा, नकाशा उघडायचा आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभं राहायचं. मशीन स्वस्तातलं असो की दुप्पट किमतीचं, नकाशा सारखाच रखडत यायचा.

“सगळे सारखेच लुटारू,” तो घरी येऊन सांगायचा. “त्यापेक्षा आपल्याच डब्याची डागडुजी करू.”

मग कधी रॅम, कधी पंखा, कधी ग्राफिक्स कार्ड. शिल्लक त्यातच मुरली.

“अहो, एवढ्यात नवा आला असता,” बायको म्हणायची.

“आला असता गं, पण पळाला नसता.”

सगळं काम एकाच इंजिनिअरकडून यायचं. हे साहेब हल्ली साध्या नकाशाऐवजी थ्रीडी मॉडेल मागू लागले आणि मशीननं मान टाकली. दोनदा काम उशिरा गेलं. तिसऱ्यांदा साहेब फोनवर फारच गोड बोलले. “आज दुपारपर्यंत जिन्याचं मॉडेल द्या. नाही जमलं तर राग मानू नका, मी दुसरीकडे देतो.” हे काम गेलं, की घर बायकोच्या शिलाई मशीनवर.

त्याच सकाळी जिन्याच्या पहिल्याच वळणावर कॉम्प्युटर बंद पडला. चालू केला, पुन्हा तिथेच. त्यानं डब्याला चापट मारली, मग हात जोडले.

“अगं, गेला गं.”

“कोण गेलं?” बायको कात्री घेऊनच धावत आली. कॉम्प्युटरचा काळा पडदा बघून म्हणाली, “हा होय. हा तर केव्हाच गेला होता, तुम्ही उचलत नव्हतात.”

अर्धवट जिना कसाबसा पेनड्राइव्हवर घेऊन तो तडक नेहमीच्या दुकानात गेला.

“या परीक्षक. आज कुणाला नापास करायचंय?” दुकानदारानं विचारलं.

“चेष्टा नको. काम संपेपर्यंत एका मशीनवर बसू द्या. पाया पडतो.”

दुकानदारानं त्याचा चेहरा पाहिला आणि सगळ्यात महागाच्या मशीनपुढे खुर्ची सरकवली. “फक्त त्या पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका हो. आधी मशीनमध्ये कॉपी करा. बैलगाडी आहे तो पेनड्राइव्ह.”

“हे आधी नाही सांगितलंत?”

“तुम्ही घेणार थोडेच होतात?”

त्यानं जिना कॉपी केला, सवयीनं हॉस्पिटलही. उघडून बघितलं. पापणी लवायच्या आत अख्खं हॉस्पिटल पडद्यावर. जिना राहिला बाजूला, तो उठून शेजारच्या स्वस्त मशीनवर गेला. तिथे कॉपी करून उघडलं, थांबावं लागलं. मधल्या किमतीच्यावर गेला. फरक होता. पैशागणिक फरक होता. आजवर त्यानं परीक्षा घेतली ती नुसत्या पेनड्राइव्हची. आणि त्या जोरावर मेहुण्याला, शेजारच्या मास्तरांना, निम्म्या गल्लीला ‘स्वस्तातला घ्या, वेग तोच’ म्हणून सांगितलं होतं.

भानावर येऊन तो जिन्याला भिडला. मशीन लोण्यासारखं चालत होतं. दोन वळणं झाली, कठडा लागला, आणि फोन वाजला.

“साहेब, होतच आलाय. थोडा कठडा राहिलाय.”

“राहू द्या आता. दुपार कधीच टळली. दुसऱ्या एकानं दिलाही करून, छान केलाय. पुढचंही तोच बघेल. तुम्ही जरा विश्रांती घ्या.”

“साहेब, आता माझ्याकडे मशीन...” तो म्हणाला. मशीन त्याचं नव्हतं. फोन ठेवलाही गेला होता.

“झालं का?” दुकानदार मागून म्हणाला. “या ताईंना हे दाखवायचंय.”

तो खुर्चीवरून उठला. ताईंनी त्याला दुकानातलाच माणूस समजून विचारलं, “एवढे पैसे घालण्यासारखं आहे का हो?”

“आहे,” परीक्षक म्हणाला. “लगेच घ्या.”