धावपट्टीवरचं सोयाबीन

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण माळावर नाक टेकून बसलेलं ते छोटं विमान अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत एका खासगी संस्थेची धावपट्टी होती. तिथं मुलं-मुली विमान चालवायला शिकत.

दसरा नुकताच झाला होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास फोन आला, विमान उतरताना घसरलं. जाऊन पाहतो तर विमान पट्टीबाहेर, पुढचं चाक मोडलेलं, डावा पंख डांबरावर घासून फाटलेला. शिकाऊ मुलगी धारूरकडची, एसटी कंडक्टरची लेक. दुसऱ्या विमानतळावरून एकटी परत येत होती. कपाळ फुटलं होतं, पण शुद्धीवर होती.

संस्थेच्या व्यवस्थापकाला भारी घाई. "मुलीनं ब्रेक जोरात दाबला. तसं लिहून घ्या."

"तुम्ही विमानात होता का?" मी विचारलं.

रुग्णालयात मुलीचा जबाब घेतला. "साहेब, ब्रेकला पाय लावलाच न्हाई मी. चाक टेकलं आन् खालून सटकलंच. आता मला काढून टाकतेत. पप्पाला काय सांगू?" एवढा वेळ धीरानं बोलणारी पोर तिथं रडली.

विमानाची तांत्रिक चौकशी विमान खात्याची. आमचं काम जागा राखणं, पंचनामा आणि जबाब. पंचनाम्यात एक गोष्ट खटकली. माळावर एवढा धुरळा, आणि पट्टीचा मधला भाग मात्र अंगणासारखा झाडलेला. पण झाडणं हा काही गुन्हा नव्हे.

दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावरच्या हवालदाराचा फोन. "साहेब, हितं पारवे लई उतरायलेत. कावून ते कळंना."

गेलो. पट्टीच्या कडेला गवतात पारवे दाणे टिपत होते. वाकून पाहिलं, सोयाबीन! मी शेतकऱ्याचा मुलगा. सांडलेल्या सोयाबीनवरून घसरून आपटलेलो आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडं डांबर दिसलं की लोक त्यावर धान्य वाळत घालतात. या पट्टीवर तर गाड्यांचाही त्रास नाही.

पट्टीचा चौकीदार जवळच्याच वस्तीवरचा, पन्नाशीचा. त्याला ठाण्यात बोलावून चहा दिला. चोर शिव्यांना सरावलेला असतो. साधा माणूस शिवी ऐकली की मिटून जातो.

"सोयाबीन निघालं का?"

"निघालं की."

"वाळवलं कुठं?"

त्यानं कप खाली ठेवला. मी म्हणालो, "त्या पोरीला काढून टाकायलेत. चूक तिची म्हणून."

"तिची न्हाई साहेब! माझी हाय." मग थांबलाच नाही. "इमान चारला येणार हुतं. तीनला भराय घेतलं, तवर आलंच. लौकर येणार हे हापिसात ठाऊक हुतं, मला कुणी सांगितलंच न्हाई. मी गोणी वढत कडंला झालो, दाणे तसेच ऱ्हायले."

"आणि झाडलं का?"

"पोरीला भाईर काढली, मंग मॅनेजरनं झाडाय लावलं. बोललास तर नोकरी जाईल म्हणला."

नुसत्या शब्दावर व्यवस्थापक हात वर करणार, हे मला माहीत होतं. विचारलं, "झाडलेलं टाकलंस कुठं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "टाकीन कसं साहेब? अन्न हाय ते."

पंचांसमोर त्याच्या घरातली गोणी उघडली. सोयाबीनमध्ये विमानाच्या रंगाचे पोपडे आणि पंखाच्या टोकावरल्या दिव्याची लाल काच! म्हणजे हे दाणे अपघातानंतरच पट्टीवरून झाडलेले. गोणी समोर ठेवल्यावर व्यवस्थापकानं आधी पाणी मागितलं, मग सगळं कबूल केलं. त्याच्यावर पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा दाखल झाला. आमचे कागद विमान खात्याकडं गेले आणि मुलीवरचा ठपका पुसला गेला.

चौकीदाराची नोकरी मात्र गेली. ते ठाऊक असूनही त्यानं जबाब फिरवला नाही. आरोपी ओळखायला मी खात्यात शिकलो. चुकलेल्या माणसातला भला माणूस ओळखायला या प्रकरणानं शिकवलं.

मुलगी पुन्हा उडाली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. चौकीदार कुंपणाबाहेर उभा होता. मीही त्याच्याजवळ जाऊन थांबलो. विमान खाली आलं, अलगद टेकलं, सरळ रेषेत धावून थांबलं.

"बघा साहेब," तो डोळे पुसत म्हणाला, "पोरीचं चुकलंच नव्हतं."

मी टाळ्या वाजवल्या. अंगावर गणवेश असताना वाजवलेल्या त्या एवढ्याच.