हरकत घेणारं कोणी

रामदासपेठेत वकिलाकडे मी नंबर लावून बसलो होतो. वडील गेल्यावर त्यांच्या फ्लॅटवरून आम्हा तीन भावांचं बिनसलं होतं. माझ्या आधी मौद्याहून आलेले एक काका आत बसले होते. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. बायको वारली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या नावावरचं घर काकांच्या नावावर व्हायचं होतं.

वकिलाने फी सांगितली, तसे काका म्हणाले, "काहून एवढी कमी, साहेब? घर मोठं हाये."

"फी नुसती घर बघून नाही ठरत, काका. हरकत घेणारे किती, तारखा किती पडतील, ते बघावं लागतं. तुमच्याकडे भांडायला आहे कोण?"

काकांनी टोपी काढली. मांडीवर ठेवून तिची घडी सारखी करत राहिले.

"पण पेपरात नोटीस देता ना?"

"द्यावी लागते. कुणाची हरकत असेल तर त्याने यावं म्हणून."

"मंग माह्या घरचा पत्ता बराबर टाका. भांडाले का होईना, कोणी आलं तं चहा मांडीन."

बाहेर येऊन ते माझ्याजवळ थांबले. "तुमच्याकडं हरकत घेणारे किती?"

"दोन भाऊ."

"नशीब काढलं गा तुम्ही," म्हणाले आणि जिना उतरले.

वकिलाने मला चौपट फी सांगितली. मला हसूच आलं. हे सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. सांगण्यासारखे दोघंच होते, आणि हरकत त्यांचीच होती.